शाळेच्या रस्त्याचा फूटपाथ कापणार आहेत. सुरुवात कुठून करू?

कडुलिंब

नमस्कार. शहराचं नाव मुद्दाम लिहीत नाही. इथल्या सगळ्यांशी मला उद्याही बोलायचं आहे आणि कोणाला उघडं पाडून हे काम होईल असं मला वाटत नाही. जिल्ह्याचं ठिकाण आहे, एवढं पुरे. मी घरी शिकवण्या घेते, मुलगा सहावीत आहे, सासूबाई ७४ वर्षांच्या.

एसटी स्टँडपासून शाळेपर्यंतचा आमचा रस्ता ९०० मीटरचा. मध्ये भाजी मंडई, दोन बँका, एक प्रसूतिगृह. दोन्ही अंगांना कडुलिंब, एकूण ३४. पाडव्याला अख्खी आळी कोवळा पाला आणि मोहोर इथूनच नेते. या रस्त्याचं रुंदीकरण मंजूर झालं आहे. दोन्ही बाजूंचा दोन मीटरचा फूटपाथ कापून एक मीटर करायचा, झाडं काढायची, निघालेली जागा गाड्यांना द्यायची. कारण एकच दिलंय: वाहतूक कोंडी.

कोंडी होते, हे मी नाकारत नाही. सकाळी सव्वासात ते पावणेआठ आणि दुपारी साडेबारा ते एक, शाळा भरताना आणि सुटताना. गेल्या महिन्यात मी चार दिवस गेटसमोर उभी राहून बघितलं. कोंडी करणारे आम्ही पालकच आहोत. एका पोराला सोडायला एक मोटार, तीही अर्ध्या किलोमीटरवरून. त्या मोटारींच्या भीतीने बाकीचे पालक पोरांना चालत किंवा सायकलवर पाठवत नाहीत, मग तेही गाडी काढतात. आमच्या दारातही मोटार आहे आणि पावसात मीही मुलाला तिच्यातून सोडलेलं आहे. त्यामुळे हे मी कोणाकडे बोट दाखवून लिहीत नाही.

मला राहवलं नाही ते सासूबाईंमुळे. त्या रोज सकाळी मंडईत चालत जातात. प्रसूतिगृहाच्या अलीकडे फूटपाथवर विजेची डीपी आहे, तिथे वाट बंद होते आणि खाली रस्त्यावर उतरावं लागतं. फूटपाथ रस्त्यापासून सव्वा फूट उंच. त्या आधी काठी खाली टेकवतात, मग भिंतीकडे तोंड करतात, डीपीच्या लोखंडी पेटीला हात धरतात आणि पाठमोऱ्या एक पाय खाली सोडतात, विहिरीत उतरावं तसा. तेवढ्यात मागून हॉर्न वाजतो. दुसरा पाय काही क्षण वरच राहतो. मी परवा मागून येत होते आणि हे पहिल्यांदा नीट पाहिलं. त्यांनी घरी कधी तक्रार केलेली नाही. विचारलं तर म्हणाल्या, "सवय झालीय गं." पेटीला रोज हात लागून त्या कोपऱ्यावरचा रंगही गेलाय. म्हणजे तिथे हात धरणाऱ्या त्या एकट्याच नाहीत.

मी २१२ सह्या गोळा केल्यात. संबंधित कार्यालयात अर्ज घेऊन गेले तर साहेब म्हणाले, "मॅडम, तुम्हाला विकास नको का?" आणि पोच न देताच अर्ज परत केला. दुकानदार सगळे रुंदीकरणाच्या बाजूने. आमच्या घरातसुद्धा, "गाड्या वाढल्यात तर रस्ता वाढायला नको का?" हा प्रश्न रोज जेवताना येतो आणि मला धड उत्तर देता येत नाही.

तर मला तीन गोष्टी सांगा. लोकांशी बोलू कसं? कागद कोणते मागू? आणि दुकानदारांचं काय करू? टेंडर निघायला दीड-दोन महिने आहेत असं कळतंय.

पेठेतला पादचारी

ताई, सह्या जपून ठेवा, पण लगेच देऊ नका. आधी मोजणी करा. मी पुण्यात वीस वर्षं या कामात आहे. ज्या निवेदनात मोजलेला आकडा नसतो त्यावर ‘पाहिले’ असा शेरा पडतो आणि ते फायलीत जातं, हे मी अनेकदा बघितलंय.

वाहनांबरोबर माणसं मोजा. बहुतेक सरकारी अहवालांत फक्त वाहनं मोजलेली असतात आणि सगळा घोळ तिथूनच सुरू होतो. आम्ही एकदा एका चौकात सात जण मंगळवारी सकाळी साडेआठला बसलो होतो. प्रत्येकाकडे शंभर पानी वही, पानावर दोन रकाने: वाहन आणि त्यातली माणसं. चालणाऱ्यांसाठी वेगळं पान. पहिल्याच लाल सिग्नलला ११ मोटारी उभ्या राहिल्या, सगळ्या मिळून आत १४ माणसं. त्यांच्या मागे पीएमपीची, म्हणजे पुण्याची शहर बस अडकलेली, तिच्यात साठच्या वर माणसं, दाराच्या पायरीवरची धरून. सिग्नल हिरवा झाला, मोटारी गेल्या, बस पोहोचेपर्यंत परत लाल. माझ्या शेजारी कॉलेजातली एक मुलगी लिहायला बसली होती. ती म्हणाली, "काका, चौदा जणांसाठी साठ जण थांबलेत." पुढे दोन वर्षं आम्ही प्रत्येक बैठकीत हेच वाक्य बोललो. वहीचं ते पान बघून एका अभियंत्यांनी स्वतःहून झेरॉक्स मागून घेतली होती.

तुमच्या रस्त्यावर शाळा भरतानाचा अर्धा तास आणि मंडईची सकाळ, एवढं मोजलं तरी चित्र दिसेल. पोरं, म्हाताऱ्या बायका, प्रसूतिगृहात डबा घेऊन चाललेली माणसं, सगळी वहीत येऊ देत.

घरच्या प्रश्नाचं उत्तर. गाड्या वाढल्या म्हणून रस्ता वाढवला की काय होतं? रस्ता मोकळा दिसतो. मग जो बसने जायचा, जो मुद्दाम तासभर उशिरा निघायचा आणि जो त्या बाजूला जायचंच टाळायचा, असे तिघेही गाडी काढतात. थोड्या वर्षांत रस्ता पूर्वीएवढाच भरतो. फरक इतकाच की आता तुंबलेली एक रांग जास्त असते आणि फूटपाथ गेलेला असतो. पुण्यात विद्यापीठ चौकात कोंडी फोडायला उड्डाणपूल बांधले होते. २०२० साली ते पाडावे लागले, मेट्रो आणि नव्या पुलासाठी. पंधरा वर्षंही धड टिकले नाहीत, आणि त्या काळात तिथली कोंडी कमी झालेली मला एकाही संध्याकाळी दिसली नाही.

जागेचा हिशेब तर मी घरातूनच मांडतो. एक मोटार उभी करायला साधारण अडीच मीटर बाय पाच मीटर लागतात, म्हणजे साडेबारा चौरस मीटर, म्हणजे १३४ चौरस फूट. आम्ही पाच जण वाड्यात दहा बाय बाराच्या खोलीत राहिलो, तिथेच स्वयंपाक, तिथेच अभ्यास. तेवढ्यापेक्षा जास्त जागा एका मोटारीला रस्त्यावर दिवसभर फुकट मिळते. ती जमीन सगळ्यांची आहे. पुण्यात मार्च २०१८ मध्ये पार्किंग धोरण मंजूर झालं होतं, रस्त्यावर गाडी लावायचे पैसे घ्यायचे म्हणून. केवढा गदारोळ झाला. आधी पाचच रस्त्यांवर करून बघू असं ठरलं आणि तेही रखडलं. म्हणून सांगतो, पार्किंगच्या पैशाचा विषय पहिल्याच सभेत काढू नका. तो खरा आहे, पण तो ऐकून घ्यायला लोकांचा आधी तुमच्यावर विश्वास बसावा लागतो.

लोकांशी बोलताना ‘गाड्या कमी करा’ यापासून सुरुवात करू नका. ‘सहावीतलं पोर एकटं शाळेत चालत जाईल असा रस्ता हवा’ असं म्हणा. ऐकणाऱ्याच्या डोळ्यांपुढे स्वतःचं पोर येतं. सासूबाईंच्या डीपीची गोष्ट तर जशी इथे लिहिलीत तशीच सांगा, वर एक शब्दही चढवू नका.

आता कागद.

अर्ज आवक-जावक टेबलावर द्यायचा, साहेबांच्या हातात नाही. दोन प्रती, दुसरीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक. घेतला नाही तर रजिस्टर पोस्टाने पाठवा, पोस्टाची पावती पुरते.

माहिती अधिकारात चार गोष्टी मागा: रुंदीकरणाचा प्रकल्प अहवाल, त्यासाठी केलेली वाहतूक पाहणी, निविदेतलं मोजमाप आणि रस्त्याचा छेद दाखवणारा नकाशा, विकास आराखड्यात या रस्त्याची रुंदी किती धरलीय त्या पानाची प्रत. महाराष्ट्राच्या नियमाप्रमाणे अर्ज १५० शब्दांत आणि एकाच विषयाचा हवा, दहा रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प लावायचं, उत्तराची मुदत ३० दिवस. तुमच्याकडे दीडच महिना आहे, तेव्हा हा अर्ज उद्याच जाऊ द्या. वाहतूक पाहणी केलेलीच नाही असं उत्तर आलं तर तेवढं एक पानही फार मोठं आहे.

झाडांचं वेगळं. महाराष्ट्राचा वृक्ष संरक्षणाचा कायदा १९७५ चा आहे. झाड तोडायचं तर आधी जाहीर सूचना द्यावी लागते आणि हरकतीसाठी सात दिवस मिळतात. सातच. रोज जाता-येता खोडांवर कागद चिकटवलाय का ते बघत जा आणि प्रत्येक झाडाची हरकत लेखी द्या. २०२१ च्या दुरुस्तीनुसार ५० वर्षं किंवा त्याहून जुनी झाडं हेरिटेज वृक्षांत मोडतात. जुन्या माणसांना विचारा, हे कडुलिंब कोणी कधी लावले. शाळेच्या जुन्या फोटोंत सापडतील.

फूटपाथसाठी इंडियन रोड्स काँग्रेसची मार्गदर्शक सूचना आहे, आयआरसी १०३. तिच्यात चालायला मोकळी रुंदी किमान १.८ मीटर आणि फूटपाथची उंची जास्तीत जास्त १५० मिलिमीटर सांगितली आहे. तुमचा सव्वा फूट म्हणजे त्याच्या अडीच पट. आणि १४ मे २०२५ ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट सांगितलंय की चालण्याजोगा फूटपाथ मिळणं हा घटनेच्या २१ व्या कलमातला हक्क आहे. या दोन गोष्टी आणि २००६ चं राष्ट्रीय नागरी वाहतूक धोरण (रस्त्याची जागा वाहनांना न वाटता माणसांना वाटावी, हे त्याचं सूत्र) निवेदनाच्या पहिल्या पानावर लिहा. सरकारचेच कागद समोर ठेवले की ‘विकास नको का’ हा प्रश्न विचारणाऱ्याला थोडं थांबावं लागतं.

नुसतं ‘नको’ म्हणून मात्र थांबू नका. काय हवं त्याचं चित्र काढून द्या. पुण्यात जंगली महाराज रस्त्यावर फूटपाथ रुंद करून बाकडी टाकली. तिथे संध्याकाळी जाऊन बसा, आजी-आजोबा, पोरं, अभ्यासिकेतून बाहेर पडलेली मुलं, सगळी दिसतात. त्याचे फोटो दुकानदारांना दाखवा. अर्धवट कामाने काय होतं तेही आम्ही भोगलंय. २००६ च्या डिसेंबरात कात्रज–स्वारगेट–हडपसर मार्गावर बीआरटी, म्हणजे बससाठी राखून ठेवलेली वेगळी मार्गिका, सुरू झाली. कल्पना उत्तम होती, मी आजही तिच्या बाजूचा आहे. पण बसथांबा रस्त्याच्या मध्ये आणि तिथपर्यंत जीव मुठीत धरून जायचं, अशाने लोक बसच्या विरोधात गेले. म्हणून तुमच्या चित्रात रस्ता ओलांडायचे पट्टे कुठे, उतार कुठे, रिक्षा कुठे थांबणार, हातगाड्या कुठे लागणार, सगळं दाखवा. हातगाडीवाल्यांना विसरलात तर पहिला विरोध त्यांचाच होईल, आणि तो रास्त असेल.

पुण्यात ‘परिसर’ आणि ‘पीएमपी प्रवासी मंच’ यांनी वर्षानुवर्षं पाठपुरावा केला, चिकाटी मी तिथे शिकलो. तुमच्याकडे अशी संस्था नसेल तर पाच माणसं पुरतात. मात्र तीच पाच माणसं दर आठवड्याला जमली पाहिजेत.

कापडवाला

ताई, मी पलीकडच्या बाजूचा माणूस आहे. तालुक्याच्या गावी पेठेत माझं कापडाचं दुकान आहे. सहा वर्षांपूर्वी आमच्याकडे बाजाराच्या रस्त्यावर गाड्या बंद करायचं निघालं तेव्हा सर्वांत मोठ्याने मीच ओरडलो होतो. माझं म्हणणं एकच: दारात गाडी लागली नाही तर गिऱ्हाईक जातं.

मग व्यापारी मंडळात एकाने सुचवलं की आपणच आठ दिवस टिपून ठेवू. बिल करताना विचारायचं, कसे आलात? मी बिलाच्या मागच्या बाजूला च, दु, मो, ए अशी अक्षरं लिहीत गेलो. चालत, दुचाकी, मोटार, एसटी. आठवड्यानंतर गल्ल्यावर बसून ढीग लावले. मोटारीचा ढीग सगळ्यांत लहान. खेड्यांतून एसटीने येणारी बाई एका फेरीत घरच्या पाच जणांचे कपडे नेते, ते बिल सगळ्यांत मोठं. आणि तिलाच स्टँडपासून येताना गाड्यांतून वाट काढावी लागत होती, काखेत पोर घेऊन.

दुसरी गोष्ट बोलायला अवघड आहे, पण खरी आहे. दारात दिवसभर लागलेल्या गाड्या कुणाच्या? एक माझी, दोन माझ्या नोकरांच्या, एक शेजारच्या सराफाची. गिऱ्हाइकाची जागा आम्हीच अडवून बसलो होतो. त्या दिवसापासून मी गाडी मागच्या मैदानात लावतो आणि तीन मिनिटं चालतो.

दुकानदारांकडे जायचं तर दुपारी तीन ते पाच जा, गिऱ्हाईक नसतं तेव्हा. एकेकाला भेटा. सगळ्यांची सभा घेतलीत तर जो आधी विरोधात बोलेल त्याच्यामागे बाकीचे जातील. मालाचा टेम्पो कधी येणार हा आमचा खरा प्रश्न असतो, तो तुम्हीच आधी काढा आणि ‘सकाळी दहाच्या आत माल उतरवायचा’ असं काहीतरी लिहून द्या. निम्मा विरोध तिथेच संपतो. आणि ११ डिसेंबरला पुण्यात लक्ष्मी रस्त्यावर पादचारी दिन असतो, २०२१ पासून. नगरकर तालीम चौक ते गरुड गणपती चौक गाड्या बंद. तुमच्याकडचे दोन-तीन व्यापारी एकदा तिथे नेऊन दाखवा. त्यांना तुमच्यापेक्षा तिथल्या दुकानदाराचं जास्त पटेल.

रात्रपाळी

मी नर्स आहे. तुमचं सगळं पटतं, पण एक विचारते. माझी ड्यूटी रात्री साडेआठला सुरू होते, सकाळी आठला सुटते. शहर बस साडेसातनंतर दिसत नाही. महिलांना अर्धं तिकीट झाल्यापासून (मार्च २०२३) मी गावाला एसटीनेच जाते, त्यामुळे बस मला नको आहे असं नाही. पण शहरात मला स्कूटरशिवाय पर्याय नाही. उद्या ‘वाहनं कमी करा’ म्हणून मोर्चा निघाला तर माझ्यासारखीने त्यात कुठे उभं राहायचं? बस आधी द्या, मग आमच्याकडे मागा.

पेठेतला पादचारी

रात्रपाळी ताई, मोर्च्यात तुम्ही सर्वांत पुढे असायला हव्यात. तुमची मागणीच त्या निवेदनाचा पहिला मुद्दा व्हायला हवी: रात्री दहापर्यंत आणि पहाटे साडेपाचपासून बस, रुग्णालयाच्या दारात थांबा, थांब्यावर दिवा. अशा चळवळीत आम्ही बऱ्याचदा मोटारवाल्यांशी वाद घालत बसतो आणि ज्यांना बस हवी आहे त्यांच्याकडे जायचं राहून जातं. रस्ता रुंद करायच्या खर्चात किती बस येतात हा प्रश्न माहिती अधिकारातला अंदाजखर्च हातात आला की मांडा. तुम्ही स्कूटर सोडावी असं मी कधीही म्हणणार नाही.

१ नोव्हेंबर २०१२ ला पुण्यात बस डे झाला, त्या दिवशी रस्त्यावर एरवीपेक्षा खूप जास्त बस होत्या. मी सकाळी सातपासून थांब्यांवर मदतीला होतो. एक गृहस्थ बारा वर्षांनी बसमध्ये चढले होते. उतरताना म्हणाले, "रोज अशी येणार असेल तर मी रोज येतो." दुसऱ्या दिवशी बसची संख्या परत होती तेवढी. त्या गृहस्थांना काय उत्तर द्यायचं हे मला अजून सुचलेलं नाही.

आइंडहोवनकर

मूळचा सोलापूरचा, गेली नऊ वर्षं नेदरलँड्समध्ये. आमची आठ वर्षांची मुलगी सायकलवर शाळेत जाते. पहिल्या दिवशी तिला एकटीला सोडताना मी कोपऱ्यापर्यंत मागे मागे गेलो होतो, सोलापूरची सवय. शेजारच्या आजींनी खिडकीतून पाहिलं आणि संध्याकाळी घरी येऊन मला एक गोष्ट सांगितली, ती इथे लिहावीशी वाटते.

त्या म्हणाल्या, हे सगळं पूर्वीपासून असं नव्हतं. त्यांच्या तरुणपणी इथेही घराघरात मोटारी आल्या, त्यांच्यासाठी वस्त्या पाडून रस्ते झाले, आणि १९७१ या एका वर्षात रस्त्यांवर तीन हजारांवर माणसं गेली. त्यांत चारशेहून जास्त लहान मुलं. तेव्हा आईबाप रस्त्यावर उतरले. चळवळीचं नावच होतं ‘मुलांचे खून थांबवा’. पोरांनी रस्त्याच्या मध्ये सायकली आडव्या टाकल्या, गल्ली अडवून तिथे खेळ मांडले. १९७३ च्या तेलसंकटात सरकारने रविवारी मोटारी बंद ठेवल्या आणि लोकांना कळलं की शहर शांत असू शकतं. आजी त्या रविवारी हमरस्त्यावर रोलर स्केट्सवर गेल्या होत्या. हे सांगताना त्यांचा आवाज भरून आला.

दुकानदारांचा विरोध इथेही कडवा होता. ग्रोनिंगनमध्ये १९७७ साली मध्यवस्तीचे चार भाग केले. मोटारीने एका भागातून शेजारच्या भागात सरळ जाता येत नाही, बाहेरच्या वळणरस्त्यावर जाऊन फिरून यावं लागतं. चालत आणि सायकलने मात्र सरळ. मोटार कोणाची काढून घेतली नाही, तिचा रस्ता तेवढा लांब केला. व्यापाऱ्यांनी खूप आरडाओरड केली, आज त्या शहरात सायकलींची गर्दी असते.

तुमच्याकडे एवढं मोठं काही करावं लागणार नाही. शाळेच्या गेटसमोरचा शंभर मीटर रस्ता सकाळी अर्धा तास आणि दुपारी अर्धा तास मोटारींना बंद, एवढंच मागून बघा. दोन बॅरिकेड आणि दोन पालक. युरोपात कित्येक शहरांत शाळांपुढे हे करतात. महिनाभर करून दाखवायची परवानगी मागा, कायमची नको. करून बघितल्यावर माणसांचं मत बदलतं.

कडुलिंब

सगळ्यांचे मनापासून आभार. तीन आठवड्यांनी लिहितेय.

माहिती अधिकाराचा अर्ज दुसऱ्याच दिवशी गेला, आवक क्रमांकासह. उत्तर अजून आलेलं नाही. मोजणी मात्र झाली. शिकवणीतल्या नववीच्या चार मुली, मुलाच्या वर्गातले तीन पालक आणि रात्रपाळी ताईंसारख्याच इथल्या प्रसूतिगृहातल्या एक सिस्टर, असे आम्ही नऊ जण होतो. शुक्रवारी सकाळी सात ते आठ. चालणारे आणि सायकलवाले मिळून ६४८. मोटारी ९१, त्यांत मुलं धरून १९७ माणसं. दुचाक्यांचं पान वेगळं आहे, त्याची बेरीज मुली अजून तपासतायत. डीपीपाशी टेप लावली तर चालायला मोकळी जागा ५५ सेंटिमीटर निघाली. काठी घेऊन चालणारं माणूस त्यातून आडवं होऊनही जात नाही.

घरात वहीचं पान जेवणाच्या टेबलावर ठेवलं. ह्यांनी दोनदा बेरीज केली, काही बोलले नाहीत. सोमवारी मुलाबरोबर शाळेपर्यंत चालत गेले आणि आल्यावर म्हणाले की बँकेसमोरचं चेंबरचं झाकण तुटलंय, तेही निवेदनात घाल.

दुकानदारांकडे दुपारीच गेले, एकेकाकडे. अकरा जणांपैकी चार जण बिलामागे अक्षरं लिहायला तयार झालेत. एक जण रागावले, त्यांच्याकडे पुन्हा जाईन. मंडईतल्या बायकांनी तर आपण होऊन अंगठे आणि सह्या दिल्या, आकडा आता ३८० च्या पुढे आहे.

एक चांगली गोष्ट म्हणजे एक तरुण अभियंता या गुरुवारी पाहणीला येतो म्हणालेत. त्यांनी अकराची वेळ दिली होती. मी सव्वासातची मागितली, शाळा भरताना, आणि ते हो म्हणाले. सासूबाईंना सांगितलं तर त्या म्हणाल्या, मी माझ्या वेळेला मंडईत निघेनच, कोणासाठी मुद्दाम उभी राहणार नाही.

पाहणीच्या वेळी हातात काय काय ठेवू?

पेठेतला पादचारी

टेप, वही, आयआरसीच्या त्या पानाची प्रत आणि किलोभर चुना. बुधवारी रात्री डीपीच्या दोन्ही बाजूंनी भिंतीपासून, आणि डीपीपाशी तिच्या पेटीपासून, १.८ मीटरवर चुन्याची रेघ मारून ठेवा, शाळेच्या गेटपर्यंत. कुठे ती रेघ फूटपाथ सोडून रस्त्यावर उतरते ते त्यांना चालत दाखवा. बोलणं त्यानंतर. सासूबाई म्हणतात ते बरोबर आहे, त्यांना त्यांच्या वेळेलाच निघू द्या. फोटो काढायचे तर फक्त रेघेचे काढा.